सॉफ्टबॉल, इंजिनिअरिंग आणि मार्चमधला एक आठवडा

प्रिय ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक अकरावीत आहे, इथल्या भाषेत ज्युनिअर. आठव्या वर्षापासून सॉफ्टबॉल खेळते, कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला बॉल झेलते. शनिवार-रविवार आमचे ट्रॅव्हल बॉलमध्येच, गावोगावच्या स्पर्धांत जातात. बॅट कशी धरतात हेही मला ठाऊक नव्हतं, आता शेजारणीला पॉप टाइम, म्हणजे कॅचरच्या हातातला बॉल दुसऱ्या बेसवर पोचायला लागणारा वेळ, समजावून सांगते. मे-जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीचे, कॉलेज सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचे सामने लागले की लेक टीव्हीसमोरून हलत नाही. अभ्यासातही चांगली आहे. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आहे.

दक्षिणेतल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वात वरच्या गटातल्या, कॉलेजच्या कोचने तिला ऑफर दिली आहे. वर्षाचा खर्च ६८ हजार डॉलर, त्यातले ४० टक्के स्कॉलरशिप. इंजिनिअरिंगचं विचारलं तर म्हणाले, "जरा जड जातं, पहिल्या वर्षी बघू." उत्तर दोन आठवड्यांत हवं आहे. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्समधल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या कोच तिला सारख्या लिहितात. कॉलेज फार नावाजलेलं, पण खेळासाठी एक डॉलरही मिळणार नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, रटगर्सला, इथल्या सरकारी विद्यापीठात जाऊ दे, राज्यातल्या मुलांना कमी असते ती इन-स्टेट फी आहे. खेळायचंच असेल तर वॉक-ऑन म्हणून, स्कॉलरशिपशिवाय, संघात जाईल, नाहीतर आता खेळ पुरे. सांगलीहून सासरे फोनवर विचारतात, "बॉल खेळून पोट भरतं का?" आणि लेक काहीच बोलत नाही. आम्ही काय करावं?

— एडिसनहून एक आई

ताई,

तुमच्या पत्रातल्या आकड्यांच्याही आधी माझी नजर तीन शब्दांवर अडकली. "पहिल्या वर्षी बघू." कोच ते सहज बोलून गेले असतील. पण मी वीस वर्षं इथल्या एका कॉलेजात मुलांना विषय निवडायला मदत करण्याचं काम केलं आहे, आणि या शब्दांचं पुढे काय होतं ते जवळून पाहिलं आहे. पहिल्या सत्रात मुलगी कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री घेते, सगळं नीट चालतं. जानेवारीत दुसरं सत्र सुरू होतं आणि त्याबरोबर सीझनही. फिजिक्सची लॅब दुपारी दोन ते पाच, सरावही दुपारी दोन ते पाच. मग कुणीतरी आपुलकीनंच सुचवतं की लॅब पुढच्या वर्षी घे. इंजिनिअरिंगचे विषय एकमेकांवर रचलेले असतात. फिजिक्स झालं नाही तर स्टॅटिक्स घेता येत नाही, स्टॅटिक्स नाही तर डायनॅमिक्स नाही. एक विषय राहिला की सगळी रांग वर्षभर मागे सरकते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अशा मुली माझ्याकडे विषय बदलायचा फॉर्म घेऊन यायच्या. त्यांनी विचार करून काही ठरवलेलं नसायचं, ते तसं होत गेलेलं असायचं. मला त्याचंच फार वाईट वाटायचं.

हे मी अंगावर झेललेलंही आहे. ऐंशीच्या दशकात मी जळगावला कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचे, तुमच्या लेकीसारखीच कॅचर. आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो की येऊन-जाऊन दहा दिवस मोडायचे. परत आले तेव्हा फिजिक्सची चार प्रॅक्टिकल्स बुडाली होती. सरांनी जर्नलवर सही करायला नकार दिला, आणि ज्यांनी मला स्पर्धेला पाठवलं त्यांच्यापैकी एकही जण त्यांच्याशी बोलायला गेला नाही. माझं वर्ष गेलं. त्यात खेळाचा दोष होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. स्पर्धेचं वेळापत्रक आणि प्रॅक्टिकलचं वेळापत्रक कुणीतरी एकदा शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं होतं, तेवढं झालं नाही.

तेवढंच काम आता तुम्ही करा. घरात वाद "खेळ की अभ्यास" असा चालला आहे, आणि त्यावर उत्तर निघणार नाही, कारण लेकीला दोन्ही हवं आहे आणि दोन्ही करणाऱ्या मुली दरवर्षी निघतात. प्रश्न असा विचारायचा की अमुक कॉलेजात, अमुक विषय घेतलेल्या कॅचरचा मार्चमधला एक आठवडा कसा जातो. सोमवार ते रविवार, तासातासाचा. ज्या कॉलेजकडे याचं सरळ उत्तर आहे, ते पुढे बघायचं.

मार्चच का, ते सांगते. डिव्हिजन वनचा सीझन फेब्रुवारीतच सुरू होतो आणि नियमाने ५६ सामन्यांपर्यंत खेळता येतं. फेब्रुवारीत उत्तरेकडच्या मैदानांवर बर्फ असतो, त्यामुळे तिकडचे संघ दर आठवड्याला दक्षिणेत उतरतात. मार्चपासून परिषदेतले, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या ठरलेल्या गटातले (कॉन्फरन्स), सामने लागतात. एका प्रतिस्पर्ध्याशी शनिवार-रविवार धरून तीन सामने, शिवाय आठवड्याच्या मधे कधी मंगळवारी, कधी बुधवारी आणखी एखादा. बाहेरगावी असेल तर गुरुवारी दुपारीच निघायचं. कोच तुम्हाला सांगतील की एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार सीझनमध्ये आठवड्याला २० तासांच्या वर सराव घेता येत नाही. ते खरं आहे. पण त्या वीस तासांत प्रवास धरत नाहीत, आणि सामन्याचा अख्खा दिवस हिशेबात फक्त तीन तासांचा लागतो. सकाळी आठला बसमध्ये बसून, डबलहेडर, म्हणजे लागोपाठ दोन सामने, खेळून, रात्री दहाला खोलीवर परतलेल्या मुलीचेही तीनच तास मांडले जातात.

त्यात अलीकडे परिषदांचा भूगोल पार विस्कटला आहे. २०२४ पासून कॅलिफोर्नियाचं यूसीएलए बिग टेनमध्ये आहे, म्हणजे तुमच्या रटगर्सच्याच परिषदेत. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर अटलांटिक कोस्ट नावाच्या परिषदेत गेली. तुमच्या लेकीला ऑफर देणारं कॉलेज कोणत्या परिषदेत आहे ते बघा, नकाशा उघडा आणि तिथली बाकीची कॉलेजं किती लांब आहेत ते मोजा. बसचा प्रवास आहे की विमानाचा, एवढ्यावरूनही तिचा शुक्रवार वर्गात जाईल की विमानतळावर, ते कळेल.

आता संघाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी. प्रत्येक कॉलेज आपल्या संकेतस्थळावर ते टाकतं आणि बहुतेक ठिकाणी खेळाडूच्या नावाखाली तिचा विषयही लिहिलेला असतो. तुम्ही आणि लेकीने मिळून एक संध्याकाळ यासाठी काढा. इंजिनिअरिंगच्या किती जणी आहेत? सगळ्या पहिल्या वर्षाच्याच आहेत, की तिसऱ्या-चौथ्या वर्षातही कुणी टिकून आहे? मग तीन वर्षांपूर्वीचं रोस्टर उघडा. तेव्हा पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी आज चौथ्या वर्षात किती दिसतात? सहा आल्या आणि दोन उरल्या असतील, तर बाकीच्या चौघींचं काय झालं हा प्रश्न कोचला विचारायला अजिबात लाजू नका. मुली दुसऱ्या कॉलेजात जातात, दुखापतीने थांबतात, कंटाळून सोडतात. कारण काही असो, ऐकायला मिळालं पाहिजे. आणि कॅचर किती आहेत, कोणत्या वर्षाच्या, तेही बघा. दुसऱ्या वर्षाची एक पक्की कॅचर असेल, तर तुमच्या लेकीची पहिली दोन वर्षं मैदानाबाहेर बुलपेनमध्ये, सराव करणाऱ्या पिचरचे बॉल झेलण्यात जातील. त्याला तिची तयारी असेल तर हरकत नाही, पण हे तिला आधी माहीत असावं.

या कसोटीवर दक्षिणेतली ऑफर मला टिकताना दिसत नाही. इंजिनिअरिंग करणारी मुलगी संघात असती, तर कोचने "बघू" म्हटलंच नसतं. "आमची अमुक जणी करते, तिचा नंबर देतो" असं म्हटलं असतं. तरी एक संधी जरूर द्या. लेकीने त्यांना विचारावं की गेल्या चार वर्षांत मेकॅनिकल घेऊन शेवटपर्यंत खेळलेली कुणी आहे का, आणि तिच्याशी बोलता येईल का. नाव मिळालं तर पुन्हा विचार करू. नाही मिळालं तर उत्तर तेच आहे.

दोन आठवड्यांच्या मुदतीचंही दडपण घेऊ नका. डिव्हिजन वनच्या कोचना ज्युनिअर वर्षाच्या १ सप्टेंबरपासून मुलीशी बोलता येतं, आणि आता जे चाललंय ती तोंडी बोलणी आहेत. तोंडी ऑफर त्यांनाही बांधत नाही, तुम्हालाही नाही. लेखी कागद सीनियर वर्षाच्या ऑगस्टपासून मिळतो आणि सह्या नोव्हेंबरात होतात. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असायचा, कुणी अजून त्याचं नाव घेत असेल तर तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. मात्र कोचला दुसरी कॅचर मिळू शकते, तेव्हा मुदत वाढवून मागताना नम्रपणे आणि कारण देऊन मागावी. "वर्ग चालू असताना येऊन बघायचं आहे, तीन आठवडे द्याल का?" एवढं पुरे. यावर चिडणारा कोच असेल, तर चार वर्षं त्याच्या हाताखाली काढायची आहेत हे लक्षात घ्या.

पैशांचं बोलू. ६८ हजारांतले ४० टक्के गेले तरी वर्षाला ४० हजार ८०० डॉलर तुमच्या खिशातून जाणार. तेही ते ४० टक्के पूर्ण खर्चाचे असतील तर. नुसत्या ट्यूशनचे असतील तर हिशेब आणखी बदलतो, हे आधी विचारून घ्या. न्यू जर्सीच्या सरकारी कॉलेजात राहण्या-जेवणासकट होणारा खर्च बहुतेक याच्या आतच बसतो. शिवाय लेकीचे सामने बघायला तुम्ही विमानाने जाणार, आणि राहिलेली लॅब उन्हाळ्यात भरून काढायची तर त्याची फी वेगळी. "स्कॉलरशिप मिळाली" हे चार लोकांत सांगायला फार छान वाटतं, मला कळतं ते. पण कागद-पेन घेऊन बसा.

स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची, हेही विचारा. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये एक चांगला बदल झाला. खेळ घसरला किंवा दुखापत झाली म्हणून दिलेली मदत आता काढून घेता येत नाही, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं मिळतो. कॅचरच्या आईने हे लक्षात ठेवावंच. माझे गुडघे आजही जिना उतरताना बोलतात.

तुमच्या यजमानांच्या सूचनेत एक अडचण आहे आणि ती बहुतेक त्यांना माहीत नसेल. वॉक-ऑन म्हणून शिरणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एनसीएएची एक मोठी तडजोड मंजूर केली. त्याआधी डिव्हिजन वनच्या सॉफ्टबॉल संघाकडे १२ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या, कोच त्या तुकडे करून वाटायचे आणि संघात किती मुली ठेवाव्यात यावर बंधन नव्हतं. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघ जास्तीत जास्त २५ जणींचा. बिग टेनची कॉलेजं त्यात आहेत. म्हणजे आधी जी सत्ताविसावी, अठ्ठाविसावी मुलगी स्वतःच्या खर्चाने सराव करून जागा मिळवायची, तिची जागाच गेली. रटगर्स शिक्षणासाठी उत्तम आहे, इंजिनिअरिंगही चांगलं आहे. लेकीला खेळ थांबवून तिथे जायचं असेल तर आनंदाने जावं, मोठ्या कॉलेजांत हौशी क्लब संघही असतात. पण "खेळायचं तर खेळेल" हे गृहीत धरून पाठवू नका.

दहा लाखांच्या बातम्यांनी भुलूही नका. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या एका पिचरने टेक्सास टेकला जाताना दहा लाख डॉलरहून मोठा करार केला, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच आई-वडिलांचे मला फोन आले. तशी मुलगी एखादीच. पदवीनंतर नुसत्या सॉफ्टबॉलवर घर चालेल अशा जागा या देशात फार थोड्या आहेत.

डिव्हिजन थ्रीबद्दल आपल्या लोकांत एक गैरसमज आहे, की तो पोरखेळ. तुमच्या पत्रातही तो थोडा डोकावतो, राग मानू नका. तिथे सामने ४० पर्यंतच असतात, प्रवास बहुधा बसचा, आणि खेळासाठी स्कॉलरशिप कुणालाच नसते. पण खेळ कडक असतो. मॅसॅच्युसेट्समधल्याच टफ्ट्सने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि त्याच टफ्ट्समध्ये इंजिनिअरिंगही शिकवतात. एमआयटीचा संघसुद्धा डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतो. आणि खेळासाठी पैसे न देणारी कॉलेजं फक्त तिथेच नाहीत. हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त कुटुंबाच्या गरजेप्रमाणे मदत करतात.

तुम्ही मला त्या मॅसॅच्युसेट्सच्या कॉलेजचं नाव कळवलं आहे, इथे छापत नाही. तिथे पुढचा रस्ता असा असतो. जुलैमध्ये कोच मुलीचे मार्क, विषय, परीक्षांचे गुण प्रवेश विभागाकडे नेतात, त्याला प्री-रीड म्हणतात. तिकडून होकाराची खूण आली की कोच म्हणतात, अर्ली डिसिजनने अर्ज कर, मी पाठिंबा देते. तो अर्ज नोव्हेंबरात जातो आणि प्रवेश मिळाला की तिथेच जायचं बंधन असतं. म्हणून जुलैच्या आधी दोन गोष्टी करा. एक, कॉलेजच्या संकेतस्थळावर मदत वजा जाता किती खर्च पडेल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यात तुमच्या दोघांचे पगार खरे खरे भरा. तुमच्यासारख्या दोन पगारांच्या घराला गरजेवर आधारित मदत फारशी मिळत नाही, आणि अशा खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे. आकडा झेपणारा नसेल तर लेकीला आत्ताच सांगा, नोव्हेंबरात नको. दोन, लेकीने कोचना सरळ विचारावं: "तुमच्या यादीत मी कितवी कॅचर आहे? प्रवेश विभागाकडे तुम्ही माझं नाव नेणार का?" कोच दहा मुलींना सारख्याच गोड मेल लिहितात. तो त्यांच्या कामाचा भाग आहे, त्यात वाईट काही नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय खरं कळत नाही.

आणि आता मला जे सांगायची खरी ओढ लागली आहे ते. तुम्ही दक्षिणेत बघताय, मॅसॅच्युसेट्समध्ये बघताय, आणि दाराशी असलेली कॉलेजं तुमच्या पत्रात कुठेच नाहीत! कॉलेज ऑफ न्यू जर्सी, टीसीएनजे म्हणतात ते, यूइंगला, तुमच्यापासून पाऊण-एक तासावर. सरकारी कॉलेज, इन-स्टेट फी, स्वतःचं इंजिनिअरिंग, डिव्हिजन थ्री, आणि सॉफ्टबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी एकदा नाही, अनेकदा जिंकलेलं. ग्लासबरोचं रोवन त्याच परिषदेत खेळतं, तिथेही इंजिनिअरिंग आहे आणि फी सरकारी. होबोकेनचं स्टीव्हन्स खासगी आहे, पण इंजिनिअरिंगसाठीच नावाजलेलं, आणि तिथेही डिव्हिजन थ्रीचा संघ आहे. पेनसिल्व्हेनियात लीहाय आणि लाफायेट ही कॉलेजं पॅट्रियट लीगमध्ये, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळतात, दोन्हींकडे इंजिनिअरिंग आहे, आणि त्या लीगचा नकाशा आटोपशीर आहे. डिव्हिजन वनची हौस आणि मेकॅनिकलची पदवी एकाच ठिकाणी हवी असेल, तर मी आधी तिथे चौकशी केली असती. टीसीएनजे, रोवन, स्टीव्हन्स, लीहाय, लाफायेट या पाचही कोचना लेकीने या आठवड्यात मेल टाकावा, सोबत तिचे व्हिडिओ, मार्क आणि उन्हाळ्यातल्या स्पर्धांच्या तारखा. उशीर झाला असं समजू नका. डिव्हिजन थ्रीच्या कोचची यादी उन्हाळ्यापर्यंत बनत असते.

डिव्हिजन वन किंवा टू मनात असेल तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर नाव नोंदवायचं. सोळा ठरलेले विषय लागतात आणि डिव्हिजन वनसाठी त्यातले दहा सीनियर वर्षाच्या आधी झालेले असावे लागतात. इंजिनिअरिंगकडे निघालेल्या मुलीला ते अवघड नाही, फक्त शाळेच्या काउन्सेलरकडून एकदा तपासून घ्या.

व्हिसाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत मुलं एच-फोरवर, म्हणजे आई-वडिलांच्या एच-वन व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहेत म्हणून सांगते. खेळाची किंवा कॉलेजची स्कॉलरशिप एच-फोरवरच्या मुलीला मिळू शकते, सरकारची फेडरल मदत मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच एफ-वनवर, विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, जावं लागतं. आणि जाहिरातीचे किंवा कॉलेजच्या खेळातल्या कमाईच्या वाट्याचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.

सासऱ्यांना काय सांगायचं? त्यांचं म्हणणं खरं आहे, पोट भरत नाही. पण १९७२ मध्ये अमेरिकेत टायटल नाइन नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही कॉलेजला मुलगी म्हणून शिक्षणात डावलता येणार नाही, आणि त्यात खेळही आला. मुलींसाठी संघ, मैदानं, स्कॉलरशिप सगळं त्यातून उभं राहिलं. त्यांची नात शनिवारी-रविवारी ज्या धुळीत बसते, तिथे बसायचा हक्क इथल्या मुलींना असा मिळाला आहे. पुढच्या खेपेला व्हिडिओ कॉल सामन्याच्या वेळी लावा. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतं आहे, सामने ओक्लाहोमा सिटीलाच, तुमची लेक डोळे लावून बसते त्याच मैदानावर. आजोबांना ते नातीबरोबर बघायला आवडेल.

राहिली लेक. "लेक काहीच बोलत नाही" या चार शब्दांवर तुम्ही पत्र संपवत आणलंत, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे. घरात तिघांची तीन मतं आहेत, आणि ती ज्याची बाजू घेईल त्याच्याविरुद्ध बाकीचे दोघं जातील. गप्प राहण्याखेरीज ती काय करेल? जेवणाच्या टेबलावर तिला विचारू नका. सरावाहून येताना गाडीत विचारा, दोघीच असताना, दोघींची नजर रस्त्यावर असताना. दोन प्रश्न. उद्या गुडघा गेला आणि खेळ बंद झाला, तरी तुला कोणत्या कॉलेजात राहायला आवडेल? आणि खेळ चालू आहे पण इंजिनिअरिंग सोडावं लागलं, तर कोणत्या कॉलेजात चालेल? उत्तर आलं की लगेच बोलू नका. एखादा सिग्नल जाऊ द्या.

तिचे बाबा खेळाच्या विरुद्ध आहेत असं मला वाटत नाही. त्यांना भीती आहे की पोर दोन्ही डगरींवर हात ठेवील आणि मधे पडेल. ती भीती खरी आहे, मी अशा पडलेल्या मुली पाहिल्या आहेत. म्हणून रोस्टर बघायला, हिशेब मांडायला, मार्चचा आठवडा कागदावर उतरवायला त्यांनाच बसवा. आकडे त्यांच्या हातात आले की त्यांचा आवाज बदलेल.

आणि मेल, फोन, प्रश्न सगळं लेकीने करायचं. कोचना आईचा मेल नको असतो, आणि सामना हरल्यावर मुलगी आईशी कशी बोलते हेसुद्धा ते लांबून बघत असतात. दक्षिणेतल्या कोचना पाठवायचा मेल तिने आज रात्री लिहावा. आभार, मेकॅनिकलवाल्या खेळाडूचं नाव मिळेल का हा प्रश्न, आणि तीन आठवड्यांची विनंती. तुम्ही फक्त स्पेलिंग बघा, वाक्य बदलू नका.

मार्चअखेर टीसीएनजेचे घरचे सामने सुरू झाले की आठवड्याच्या मधल्या एका दुपारी तिघंही यूइंगला जा. कुणाला आधी कळवू नका. घडीच्या खुर्च्या आणि जाड जॅकेट न्या, त्या दिवसांत मैदानावर वारा फार असतो. लेकीला प्लेटच्या मागे बसू द्या, तुम्ही दोघं जरा लांब बसा. सामना संपल्यावर लगेच निघू नका. मैदान झाडून झालं की मुली पाठीवर बॅगा टाकून बाहेर येतील. त्यांच्यातल्या एखादीला लेकीने जाऊन विचारावं, "तुझी लॅब कधी असते?"